परक्या शहरात कंडक्टरबाईंची पिशवी

जुन्या बसमध्ये कंडक्टरच्या खांद्यावरून तिरकी अडकवलेली, पोटाशी घट्ट धरलेली जाड कातड्याची पिशवी तुम्ही पाहिली असेल. तीच मी. वय विचारू नका, सुरकुत्या मोजायला मात्र माझी हरकत नाही. माझं तोंड आजवर सुटे पैसे गिळायला आणि परत द्यायलाच उघडलं. आज बोलायला उघडतेय, कारण माझ्याजवळ थोडा मोकळा वेळ आहे आणि सांगण्यासारखं बरंच आहे.

माझा जन्म एका बोळातल्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे काय, दोन खिडक्यांची एक खोली आणि चष्म्याला दोरा बांधलेला एक कारागीर. मेण लावलेल्या दोऱ्याने तो एकेक टाका घालायचा आणि प्रत्येक टाक्याला तोंडाने 'हं' म्हणायचा. माझ्या अंगात असे चारपाचशे हुंकार शिवलेले आहेत. त्याने मला तीन कप्पे दिले. पुढचा नाण्यांना, मधला नोटांना आणि पाठीमागे, माणसाच्या पोटाला चिकटून राहील असा एक अरुंद चोरकप्पा. चोरकप्पा म्हणजे चोरापासून लपवायची जागा. तरी नाव चोराचंच. आपल्या भाषेत चोराला असा मान उगाचच मिळतो.

डेपोत मला एका तरुण मुलीच्या हवाली केलं. त्या डेपोतली ती पहिली बाई कंडक्टर. गणवेश एक माप मोठा, आवाज दोन मापं मोठा. पहिल्या दिवशी तिने माझा पट्टा डोक्यावरून तिरका घातला, मला ओढून पोटावर आणलं आणि वर एक थाप मारली. ती थाप पुढची तीस वर्षं रोज सकाळी पडली. लोक तिला कंडक्टरबाई म्हणू लागले आणि मग घरचेही तेच म्हणायला लागले.

बसमध्ये मी माणसांचे हात पाहिले. चेहरे वर असतात, माझ्या उंचीला हातच येतात. थकलेले, मेंदी लावलेले, शाईने भरलेले, तिकीट घट्ट धरणारे आणि तिकीट नसल्यामुळे खिडकीच्या गजाशी चाळा करणारे. त्यांतच अधूनमधून एखादा असा हात असायचा, ज्याला मालकाशी काही देणंघेणंच नसल्यासारखं वाटायचं. माणूस खिडकीबाहेर बघतोय आणि हात शेजाऱ्याच्या खिशात.

एकदा ऐन गर्दीत बाईंनी असा एक हात मनगटाला धरला. माणूस चांगला कपडेवाला होता, दुसऱ्या हातावर घडी घातलेलं वर्तमानपत्र. बाई अगदी अदबीने म्हणाल्या, "काका, तुमचा हात चुकून यांच्या खिशात राहिलाय. उतरायच्या आत काढून घ्या, नाहीतर विसराल." बस हसून हसून एका बाजूला कलली. काका पुढच्याच थांब्यावर उतरले. तो त्यांचा थांबा नव्हता.

आणखी एक सवय आम्हा दोघींना लागली होती, ती इथेच सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. तपासनीस कुठल्याही थांब्यावर चढायचा. तो आला की बाई बोलता बोलता थांबायच्या, माझं झाकण उघडायच्या आणि मला त्याच्यापुढे धरायच्या. एक शब्द नाही, कपाळावर आठी नाही. बाई चोख होत्या, म्हणून मीही चोख. ज्याचं खोटं असेल त्याने झाकण दाबून धरावं, असं त्या म्हणायच्या.

मग तिकिटाची यंत्रं आली आणि बाई निवृत्त झाल्या. मी डेपोच्या कामाची उरले नव्हते, म्हणून त्यांनी मला मागून घरी आणलं. थाटात आणलं, दाराआडच्या खुंटीला टांगलं आणि विसरल्या. पहिल्या वर्षी माझ्यात कपड्यांचे चिमटे होते. दुसऱ्या वर्षी कुठल्या कुलपाच्या आहेत हे कुणालाच माहीत नसलेल्या किल्ल्या. तिसऱ्या वर्षी एक झुरळ राहायला आलं, ते मुलाबाळांसह राहिलं. मी तक्रार केली नाही. निवृत्त माणसाने फार बोलू नये, घरातली माणसं वैतागतात.

त्याच घरात बाईंची धाकटी जाऊ राहते. सगळे तिला धाकटीच म्हणतात, स्वतःच्या लेकीचं लग्नाचं वय झालं तरी. ती बालवाडीत शिकवते. बाई जेवढ्या ठणठणीत, तेवढी ती मऊ. तीस वर्षांत तिने थोरल्या जावेचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. बाई म्हणाल्या भाजीत मीठ कमी, की धाकटी मीठ घालायची, खारट झालेली असली तरी.

या धाकटीची लेक दूरदेशी एका मोठ्या शहरात परिचारिका झाली. तिने दोघींना आठ दिवसांसाठी बोलावलं. दोघींचे नवरे, म्हणजे सख्खे भाऊ, विमानाचं नाव काढताच एकदमच गुडघे दुखतात म्हणाले आणि घरी राहिले. "काकू, मी दिवसा ड्यूटीवर असेन," पुतणी फोनवर बाईंना म्हणाली. "तुम्हा दोघींनाच फिरावं लागेल. इथे प्रवाशांना गंडवणारे पुष्कळ आहेत, तर मी सांगते ते ऐकून घ्या."

बाईंनी दोन वाक्यं ऐकली आणि फोन जावेकडे दिला. तीस वर्षं खिसेकापूंच्या गर्दीत काढली, आता कालची पोर मला शिकवणार, असं पुटपुटत त्या गॅलरीत गेल्या. धाकटीने मात्र वही घेतली. बालवाडीतल्यासारख्या ठसठशीत अक्षरांत एकेक गोष्ट उतरवली आणि मुलांना कळावं म्हणून काढते तसं प्रत्येकीशेजारी चित्र काढलं. मनगट, कागद, बंद दार, शिपायाची टोपी.

लेकीने बारा चेनांची एक नवी बॅगही सुचवली होती. बाईंनी ती दुकानात उघडून पाहिली, बंद करून पाहिली आणि म्हणाल्या, एवढ्या चेना उघडेपर्यंत चोराला काय, आपल्यालाही काही सापडायचं नाही. घरी येऊन त्यांनी मला खुंटीवरून काढलं. झुरळांच्या कुटुंबाला नोटीस मिळाली. मला तेल चोळलं, पितळी बटण राखेने घासलं आणि दोघींचे पासपोर्ट चोरकप्प्यात गेले. पोटावर ती जुनी थाप पडली. त्या थापेसाठी मी अजून दहा वर्षं खुंटीला लटकले असते.

शहर देखणं होतं. रुंद फरशीचे चौक, मधे कारंजी, ट्रामच्या घंटा आणि वर बघत चालणारी माणसं. वर बघत चालणारी माणसं दिसली की मला धडकीच भरते. पण बाई जोरात होत्या. डावीकडे बघ, उजवीकडे बघ करत त्या पुढे आणि धाकटी मागे, हात स्वेटरच्या खिशात कोंबून.

पहिल्याच चौकात एक हसरा माणूस रंगीत दोरे घेऊन आला. तो दिसेल त्या बाईच्या मनगटाला दोरा बांधायचा, गाठ मारायचा आणि मग पैसे मागायचा. गाठ सुटेना म्हटल्यावर माणसं देऊन मोकळी व्हायची. त्याने धाकटीपुढे हात पसरला. धाकटी गोड हसली, मान डोलावली आणि खिशातले हात काही बाहेर काढले नाहीत. तो वाट बघून गेला. बाईंनी विचारलं, थंडी वाजतेय का तुला? धाकटी हो म्हणाली. वहीत मनगटाचं चित्र आहे हे तिने सांगितलं नाही.

तिथून त्या संग्रहालयाकडे निघाल्या. फाटकाच्या अलीकडे गळ्यात कसलंसं ओळखपत्र घातलेला एक गृहस्थ उभा होता. त्याने फार दुःखी चेहरा करून सांगितलं, की संग्रहालय आज बंद आहे, पण याहून सुंदर दुसरी जागा आहे आणि त्याची गाडी पलीकडेच उभी आहे. बाई त्याच्याशी वाद घालायच्या तयारीत होत्या. तेवढ्यात धाकटी सरळ पुढे गेली आणि तिने दार ढकललं. दार उघडलं. आत तिकीट खिडकीवरच्या बाईने तिचं हसून स्वागत केलं. मागे वळून बघते तर गृहस्थ दुसऱ्या एका जोडप्याला तोच दुःखी चेहरा दाखवत होते.

तिसऱ्या दिवशी आमचा विजय झाला. 'आमचा' म्हणते, कारण त्यात माझाही भाग होता. नदीवरच्या पुलावर दोन मुली फळीवर कागद लावून आल्या. आजारी मुलांच्या मदतीसाठी सही करा, अशा खाणाखुणा त्यांनी केल्या. एकीने फळी अशी धरली की बाईंना आपलं पोट दिसेना, म्हणजेच मी दिसेना. बाई पेन शोधू लागल्या आणि फळीखाली मला दुसरीची बोटं जाणवली. पेटीवादकाची असावीत इतकी हलकी. बटण सुटलं हे मलाच आधी कळलं नाही. पण बटण सुटताना माझं कातडं कुरकुरतं, आणि तो आवाज बाई झोपेतही ओळखतात.

त्यांनी खाली न बघता ते मनगट धरलं. "हात काढ," त्या म्हणाल्या. भाषा आपली होती, पण त्या मुलीला एकेक अक्षर समजलं. दोघी हातातली फळी सावरत पुलापलीकडे गेल्या.

त्या संध्याकाळी पुतणीच्या स्वयंपाकघरात बाईंनी ही गोष्ट चार वेळा सांगितली. चौथ्यांदा त्यात मुली तीन झाल्या होत्या. पुतणीने विचारलं, आईने लिहून घेतलेली वही एकदा वाचलीत का काकू? बाई म्हणाल्या, अगं, वही हवी कशाला, माझे हातच वाचतात सगळं. धाकटी भांडी पुसत होती. मी खुर्चीच्या पाठीला लटकले होते आणि खरं सांगायचं तर मीही फुगले होते.

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही बाजाराच्या मागच्या गल्लीत होतो. कोपऱ्यावर एका फुलवालीची टपरी, पलीकडे बंद दुकानं, ऊन छान पडलेलं. एक तरुण हातात नकाशा घेऊन आला, तोही प्रवासीच दिसत होता. स्टेशन कुठे, असं त्याने बाईंना विचारलं. बाईंना कुणी रस्ता विचारला की त्यांना कोण आनंद होतो. त्यांनी नकाशा त्याच्या हातातून घेतला, उलटा होता तो सुलटा केला आणि सांगायला लागल्या.

तेवढ्यात गडद कोट घातलेली दोन माणसं आली. एकाने पाकिटातून चकचकीत बिल्ला काढून क्षणभर दाखवला आणि मिटला. पोलीस. त्यांचं म्हणणं असं, की या भागात खोट्या नोटा फिरतायत आणि हा नकाशावाला तुमच्याशी काही देवाणघेवाण करत होता, म्हणून तिघांचीही तपासणी होईल. कागदपत्रं आणि पैसे दाखवा, लवकर. नकाशावाल्याने मुकाट्याने आपलं पाकीट उघडून दाखवलं. त्यांनी नोटा हुंगल्या, ठीक आहे म्हणाले आणि पाकीट परत दिलं. मग त्यातला उंच माणूस बाईंकडे वळला आणि त्याने माझ्याकडे बोट केलं.

यापुढे जे झालं त्याची मला अजून लाज वाटते. बाईंचा हात आपोआप माझ्या झाकणावर आला. बटण सुटलं आणि मला त्याच्यापुढे धरलं गेलं. एक शब्द नाही, कपाळावर आठी नाही. तीस वर्षं तपासनिसापुढे असंच उघडलो होतो आम्ही. खिशात शिरणारा हात बाईंनी हजारांत ओळखला असता, पण हा हात खिशात शिरलाच नव्हता. तो समोरून, हुकमाने मागत होता.

धाकटीने बाईंची बाही ओढली. बाई म्हणाल्या, "गप गं, तपासणी चालू आहे." आणि त्यांनी चोरकप्प्यात बोटं घालून दोन्ही पासपोर्ट स्वतःच्या हाताने त्या माणसाला दिले. मग मधल्या कप्प्याकडे वळल्या. उंच माणूस घाई करत होता. दुसरा गल्लीच्या तोंडाकडे बघत होता. त्याने तसं का बघावं हे मला कळलं, पण मला ओरडता येत नाही.

धाकटीने पुन्हा बाही ओढली आणि या वेळी सोडली. मी तिचा चेहरा पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या जावेचा शब्द मोडायचा होता, तोही भर रस्त्यात, परक्या देशात, दोन पोलिसांसमोर. आणि ते खरे पोलीस निघाले तर? मग तिच्या तोंडून जो आवाज आला तो घरात कुणीच ऐकलेला नव्हता. तो बालवाडीतला आवाज होता, चाळीस पोरांना एका दमात खाली बसवणारा.

"दे इकडे."

तिने त्या उंच माणसाच्या नाकाखाली तळहात धरला होता. मुलाने तोंडात घातलेला खडू काढून घेताना धरतात तसा. तो माणूस तिच्यापेक्षा हातभर उंच होता. पण तोही कधीतरी कुणाच्या तरी बालवाडीत बसला असणारच. त्याची पकड क्षणभर ढिली झाली आणि तेवढ्यात धाकटीने पासपोर्ट खेचून घेतले. मग तिने बाईंच्या गळ्यातून मला काढलं, पासपोर्ट माझ्यात कोंबले, मला फरशीवर ठेवलं आणि माझ्यावर फतकल मारून बसली.

माझ्यावर आजवर पाऊस पडला, चहा सांडला, एकदा बस-ड्रायव्हरचा डबा उपडा झाला. पण असं सुखाचं ओझं कधी पडलं नव्हतं.

"ठाण्यात चला," ती खालूनच म्हणाली, तोडक्यामोडक्या इंग्रजीत. "खरा पोलीस, ठाणं. तिथे पिशवी उघडते. इथे नाही." ते काहीतरी दरडावून बोलले. ती आणखी नीट मांडी घालून बसली आणि ठाणं, ठाणं, ठाणं असं मोठ्याने म्हणत राहिली. मुलांना पाढे म्हणायला लावते त्या चालीत.

टपरीतल्या फुलवालीने मान वर केली. ती त्या दोघांना आधीपासून ओळखत असावी, कारण काही न विचारता ती पाण्याची बादली उचलूनच निघाली. तिच्या तोंडाचा पट्टा काय बोलत होता ते आम्हाला कळलं नाही, पण शिव्यांना दुभाषा लागत नाही. बादली रिकामी झाली तेव्हा गडद कोट आणखी गडद झाले होते. चारदोन खिडक्या उघडल्या. दोघे पोलीस एका दिशेला आणि बिचारा प्रवासी दुसऱ्या दिशेला असे पळाले, की क्षणात गल्लीत आम्हीच उरलो. नकाशा बाईंच्या हातातच राहिला होता. चांगला, नवा नकाशा होता तो. पुढचे तीन दिवस आम्ही तोच वापरला.

फुलवालीने दोघींना टपरीतल्या बाकावर बसवलं आणि गरम चहा दिला. बाईंनी पेला दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाल्या, "मी स्वतःच्या हाताने दिले गं. कुणी ओढले नाहीत, चोरले नाहीत. मीच काढून दिले."

"सवयीचा हात, ताई," धाकटी म्हणाली. "त्याला काय कळतंय समोर कोण आहे ते."

बस्स, एवढंच. 'मी सांगत होते' म्हणाली नाही, तोंडही वाकडं केलं नाही. बाईंना ते टोमण्यापेक्षा जास्त लागलं असावं, कारण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पाठोपाठ हसूही. त्या म्हणाल्या, काढ तुझी ती वही, आणि पहिल्यापासून वाच. धाकटीने वाचलं. फरशीवर सापडलेली सोन्याची अंगठी तुमचीच ना म्हणणारा. कोटावर घाण पडली म्हणून पुसायला येणारी. फोटो काढून देतो म्हणून कॅमेरा घेऊन पळणारा. बाई प्रत्येकाला मान डोलावत होत्या. शेवटी म्हणाल्या, यांच्यातला एकही जण आपल्याला विचार करायला वेळ देत नाही बघ. धाकटीने तेही लिहून घेतलं आणि शेजारी घड्याळाचं चित्र काढलं.

मग बाईंनी मला उचललं आणि स्वतःच्या नव्हे, धाकटीच्या गळ्यात घातलं. मी तीस वर्षांत दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर गेले नव्हते. धाकटी बुटकी, त्यामुळे मी तिच्या गुडघ्यावर आपटू लागले. चालताना ती पाळण्यातल्या पोराला झुलवावं तशी मला गुडघ्याने झुलवत होती.

पुढच्या चौकात एक म्हातारा चांभार दिसला. त्याने माझ्या पट्ट्याला एक भोक वाढवून दिलं, जुने टाके बोटाने चाचपले आणि माझ्या कारागिरासाठी कौतुकाने मान हलवली. एवढ्या दूर देशात आपल्या जन्मदात्याला कुणी दाद द्यावी, माझं अंग मऊ झालं. दोघी त्याचे पैसे देऊन निघाल्या.

वीसेक पावलं गेलो असू, मागून आरडाओरडा ऐकू आला. तो चांभार धावत येत होता, एक हात हवेत. बाई एव्हाना दुधाने तोंड पोळलेल्या. त्या म्हणाल्या, "मागे बघू नकोस, पळ." आणि साठीकडे झुकलेल्या दोन बायका परक्या शहराच्या चौकातून जीव घेऊन पळाल्या. कबुतरं उडाली, एक कुत्रं सोबत धावू लागलं, लोक बाजूला झाले. म्हाताराही चिवट निघाला. कारंज्याला आम्ही दोन फेऱ्या मारल्या. शेवटी धाकटीला हसू आवरेना आणि ती कठड्यावर बसली. चांभार धापा टाकत आला आणि त्याने हात पुढे केला. हातात धाकटीची वही होती. त्याच्या बाकावर राहिली होती.

मग तिघंही कठड्यावर बसून हसले. त्यांची भाषा वेगळी, हसणं एकच. म्हाताऱ्याने वही उघडून चित्रं पाहिली. शिपायाच्या टोपीवर बोट ठेवून त्याने मान डोलावली, मनगटाच्या चित्रावर डोलावली, आणि मग धाकटीची पेन्सिल मागून घेऊन शेवटच्या पानावर स्वतः एक चित्र काढलं. एप्रन घातलेला, हातात हातोडी घेतलेला, हसणारा म्हातारा. बाई ते पान बराच वेळ बघत राहिल्या. नंतरच्या तीन दिवसांत त्यांनी कुणाचा हात धरला नाही आणि कुणाला पाठही दाखवली नाही. कुणी जवळ आलं की एक पाऊल मागे घ्यायच्या, थांबायच्या, नीट बघायच्या आणि मग बहुतेक वेळा हसायच्या.

घरी परतल्यावर मी पुन्हा खुंटीवर जाणार, असं मला वाटलं होतं. पण आठच दिवसांत शेजारच्या वाचनालयाने दोघींना बोलावलं. प्रवासाला निघालेल्या ज्येष्ठांना चार गोष्टी सांगा म्हणाले. बाईंना भाषण जमत नाही. त्यांनी टेबलं सरकवली, धाकटीला प्रवासी केलं आणि स्वतः चोर झाल्या. दर शनिवारी हा खेळ होऊ लागला. बाई सही मागतात, दोरा बांधतात, खोटा बिल्ला दाखवतात, आणि धाकटी बालवाडीच्या आवाजात त्यांना गप्प करते. घरातही आता भाजीतलं मीठ चाखून धाकटीच ठरवते. या वर्षात मी निदान शंभर वेळा चोरीला गेले आणि शंभर वेळा परत मिळाले. एवढी मजा मला भर नोकरीतही आली नव्हती.

त्या खेळाला मागच्या रांगेत एक गृहस्थ नेमाने येऊन बसायचे. आमच्याच वरच्या मजल्यावरचे शिंपीकाका. सत्तरीचे, एकटे, फार हळू बोलणारे. समुद्र बघायची त्यांना लहानपणापासून हौस. पण परगावी लोक लुबाडतात, हे त्यांच्या मनात कुणीतरी असं भरवलं होतं की ते कधी गावाची वेसही ओलांडून गेले नव्हते. त्यांनी दुसऱ्यांचे प्रवासाचे कपडे जन्मभर शिवले. पाच शनिवार ते नुसते बसले. सहाव्या शनिवारी उठून पुढे आले आणि म्हणाले, मला फसवून बघा.

बाईंनी त्यांना फसवलं. दुसऱ्यांदा अर्धंच फसवता आलं. तिसऱ्यांदा शिंपीकाका एक पाऊल मागे सरले, थांबले, चष्म्यावरून बाईंकडे बघितलं आणि म्हणाले, "आपण ठाण्यात जाऊन बोलू." सगळं वाचनालय टाळ्या वाजवत होतं. काकांचे कान लाल झाले होते.

परवा ते दारात आले. बाहेर उभं राहूनच विचारलं, "पिशवी चार दिवस मिळेल का?" बाईंनी मला खुंटीवरून काढलं आणि धाकटीने पट्ट्याचं भोक त्यांच्या मापाचं केलं. दोघींपैकी कुणीही त्यांना एकसुद्धा सूचना दिली नाही. जपून जा, एवढंच म्हणाल्या, तेही मला म्हणाल्या की काकांना, ते कळलं नाही.

तर सध्या मी शिंपीकाकांच्या पोटावर आहे, सकाळच्या उन्हात, बोटीच्या धक्क्यावर. म्हणून तर बोलायला वेळ मिळाला. अजून अर्धा तास आहे. माझ्यात एक तिकीट आहे, चष्म्याचं घर आहे आणि टाका उसवला तर म्हणून एक सुईदोरा आहे. काकांचा तळहात माझ्या झाकणावर आहे. घाम आलेला, पण घट्ट. मघाशी एका बाईने त्यांना विचारलं, शेजारी बसू का? काकांनी तिच्याकडे नीट बघितलं, क्षणभर थांबले आणि बाकावर सरकून तिला जागा दिली. आता दोघं लाटांकडे बोट दाखवून काहीतरी बोलतायत. तीही पहिल्यांदाच निघालीय म्हणे.

तुम्हालाही माझं एवढंच मागणं आहे. कपाटात, खुंटीवर, माळ्यावर माझी जी कुणी भावंडं पडली असतील त्यांना खाली काढा, झटका, तेल लावा आणि कुठेतरी घेऊन जा. आमचं झाकण सांभाळा, घाई करणाऱ्याला थांबवा, आणि मग खुशाल वर बघत चाला. जगात फुलवाल्या आहेत आणि वही परत द्यायला धावणारे म्हातारेही आहेत. पण त्यांची गाठ दाराआड बसून पडत नाही.

भोंगा झाला. काका उभे राहिले. पोटावर एक थाप पडली. जरा हलकी होती, शिंप्याच्या हाताची. जाते असं म्हणू नये म्हणतात. येते मी.